माग तोच, मग शाळा वेगवेगळ्या इयत्तेत का सुटते?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र वाचलं. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. तू सोलापूरच्या पूर्व भागात राहतेस. बीए अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेस. वडील यंत्रमागावर काम करतात, आई घरी विड्या वळते. घरात तेलुगू, शाळा मराठी, मैत्रिणींपैकी एक कन्नड बोलणारी आणि एक उर्दू. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तुला या चारही भाषांच्या घरांची आर्थिक आणि सामाजिक परिस्थिती ताडून पाहायची आहे. सर म्हणाले, "समाजासमाजांची तुलना नको, वाद होतील, जीएसटीवर कर." वडील म्हणतात, "हे करून पोट भरणार आहे का? बँकेची परीक्षा दे." आणि तू विचारतेस की विषय सोडू का, यात नोकरी असते का, आणि असली तर शिकायचं कुठे.

विषय सोडू नकोस. याच शहरावर मोठ्या माणसांनी हे काम केलेलं आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला आणि तो १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आला. तेव्हा गिरण्या चालू होत्या. आता त्या बंद पडल्यात, चादरी आणि टॉवेलचे माग राहिलेत, विडी राहिली आहे, आणि तुझ्या वयाची मुलं पुण्याच्या गाडीत बसताहेत. कुणीतरी पुन्हा दारोदार जाऊन विचारायला हवं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सरकारी तक्त्यात मिळणार नाही. जनगणना मातृभाषा विचारते, पण उत्पन्न विचारत नाही. केंद्राचं श्रमबल सर्वेक्षण, म्हणजे पीएलएफएस, कमाई विचारतं, पण मातृभाषा विचारत नाही. तिथे धर्म आणि चार सामाजिक गट एवढंच असतं: अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, ओबीसी, इतर. महाराष्ट्रात तेलुगू बोलणारा विणकर पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात आणि धनगर समाज भटक्या जमातींच्या प्रवर्गात मोडतो. केंद्राच्या त्या तक्त्यात मात्र दोघेही माळ्यांसोबत ओबीसीच्या एकाच रकान्यात जातात. त्या रकान्याची सरासरी बघून साखर पेठेतल्या घराविषयी काय कळणार?

आता सरांच्या भीतीबद्दल. ती अगदीच खोटी नाही. तू "सोलापुरातला कोणता समाज मागे?" असं शीर्षक दिलंस तर वाद होईलच, आणि तो व्हायलाही हवा, कारण प्रश्नच चुकीचा आहे. समाज म्हणजे एक घर नव्हे. तुझ्याच पूर्व भागात बघ. मागांचा कारखानदार पद्मशाली आणि त्याच्या शेडमध्ये बारा तास उभा राहणारा कामगारही पद्मशाली. दोघांची भाषा एक, देव एक, लग्नाचे विधीही एकच. या दोघांची सरासरी काढलीस की जो आकडा येईल तो दोघांपैकी कुणाचाच नसेल. म्हणून सरासरीच्या जोडीला मध्यक काढायची सवय लाव. सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे ओळीने मांडायची आणि मधल्या घराचं उत्पन्न पाहायचं. गल्लीत एक मोठा कारखानदार असला तर सरासरी उडी मारते, मध्यक जागचा फारसा हलत नाही.

पुढचं पाऊल दरडोईचं. समज, एका घरात महिन्याला २४,००० रुपये येतात आणि माणसं ४, दुसऱ्यात ३०,००० येतात आणि माणसं ७. दुसरं घर कमाईत वरचढ दिसतं, पण माणशी हिशेब केला की पहिल्यात ६,००० पडतात आणि दुसऱ्यात ४,३०० सुद्धा नाहीत. हा भागाकार पाचवीतला आहे, तरी तो न करता लिहिलेले लेख मी दर निवडणुकीच्या सुमारास वाचते.

सगळ्यात जास्त जपायचं ते तुझ्या आईच्या कामाला. ती पानं भिजवते, कापते, विड्या वळून दोऱ्याने बांधते आणि हजाराच्या हिशेबाने देते. छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली तर तेवढ्यांची मजुरी बुडते. आता दारात सर्व्हेवाला आला आणि घरातल्या पुरुषाला विचारलं, "बाई काय करतात?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "घरीच असते." राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या फॉर्मवर फक्त घरकाम करणाऱ्या व्यक्तीसाठी ९२ हा क्रमांक आहे. त्या एका उत्तरावर तुझ्या आईच्या नावापुढे ९२ पडतो आणि तिची सगळी मजुरी हिशेबातून पुसली जाते. हे तेलुगू घरांत जास्त घडलं तर कागदावर तेलुगू समाज आहे त्यापेक्षा गरीब दिसेल आणि त्यातल्या बायका रिकाम्या दिसतील. तू मात्र बाईशीच बोलशील, तेलुगूत बोलशील आणि विचारशील, "काल किती विड्या झाल्या?" प्रश्न असा विचारला की उत्तर हजारात येतं. चार भाषा कानावर असलेली मुलगी या कामात फार मोलाची असते, हे तुझ्या बायोडेटात सगळ्यात वर लिही.

तुलना करताना सारख्याची सारख्याशी करायची. याचं एक उदाहरण कायम लक्षात ठेव. २००१ च्या जनगणनेत देशभरातल्या मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती आणि देशाची सरासरी ६४.८. महाराष्ट्रात मात्र मुस्लिमांचा आकडा राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित वर होता. म्हणजे इथे सगळं आलबेल होतं का? नाही. महाराष्ट्रातले मुस्लिम बहुतांशी शहरात राहतात आणि शहरात साक्षरता जास्तच असते. शहरातल्यांची तुलना शहरातल्यांशी केली की ते पुन्हा मागे पडलेले दिसतात. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीचा मुस्लिमांच्या परिस्थितीवरचा नोव्हेंबर २००६ चा अहवाल मिळव. त्यांनी मुस्लिम विरुद्ध बाकी सगळे अशी ढोबळ मांडणी केली नाही. हिंदूंमधले अनुसूचित जाती-जमातींचे, ओबीसी आणि इतर असे गट वेगळे काढले आणि मग शेजारी ठेवले. नोकरी, शाळा, बँकेचं कर्ज, वस्तीतल्या सोयी, प्रत्येकाचा तक्ता निराळा आहे. तुझ्यासाठी ते पाठ्यपुस्तकच आहे.

तेव्हा तुझा प्रकल्प असा कर. फक्त यंत्रमाग कामगारांची घरं घे. तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणारी, प्रत्येकी वीस. कन्नड घरं यात पुरेशी मिळाली नाहीत तर ओढूनताणून आणू नकोस. काम एक, मजुरी जवळपास सारखी. मग विचार की घरातली मोठी मुलगी कितवीत शाळेबाहेर पडली, आणि का. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, तेलुगू आणि कन्नड अशा चार माध्यमांच्या. प्राथमिकनंतर पुढची शाळा त्याच माध्यमाची मिळाली का? किती लांब होती? तिथे जायला मुलीला कोण सोबत होतं? मजुरी सारखी असूनही शाळा वेगवेगळ्या इयत्तेत सुटत असेल, तर कारण पगारात नसून रस्त्यात, माध्यमात किंवा लग्नाच्या वयात असेल, आणि ते तुला सापडेल. "त्या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही" हे वाक्य तू लहानपणापासून कुठल्या ना कुठल्या समाजाबद्दल ऐकलं असशील. मला त्या वाक्याची चीड आहे, कारण ते म्हणणाऱ्याने त्या घरापासून शाळेपर्यंतचं अंतर कधी मोजलेलं नसतं.

साठ घरांवरून अख्ख्या शहराबद्दल बोलता येत नाही. अहवालाच्या पहिल्याच पानावर तसं लिही. मार्क कमी होणार नाहीत.

सेटलमेंट भागाचाही तू उल्लेख केला आहेस. तिथे जायचं तर आधी इतिहास वाच, मग जा. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांखाली कैकाडी, पारधी अशा कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला गेला. सोलापुरात त्यांना याच सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवून गिरण्यांत कामाला लावलं. मुक्तता झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ ला. ज्या घराच्या आजोबांना हजेरी दिल्याशिवाय गाव ओलांडता येत नव्हतं, त्या घरातल्या आजच्या पगाराची तुलना पेठेतल्या दुकानदाराच्या घराशी नुसत्या आकड्यांत करणं अन्यायाचं होईल. तिथे उत्पन्नाच्या आधी कागद विचार: जागा नावावर आहे का, जातीचा दाखला मिळाला का, मिळायला किती खेटे घालावे लागले? भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्याचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके सोलापूरचेच. त्या अहवालापासून सुरुवात कर. पण या प्रकल्पात नको, तो पुढचा विषय ठेव.

तुलनेने खरंच वाद पेटतात का, हे बघायला मलेशियाचं उदाहरण घे. तिथे १९६९ मध्ये मलय आणि चिनी समाजांत दंगली झाल्या. सरकारने त्यानंतर आकडे दडवले नाहीत, उलट त्यांच्यावरच १९७१ चं नवं आर्थिक धोरण उभं केलं. कंपन्यांच्या भांडवलात मलय आणि इतर मूळ रहिवाशांचा वाटा १९७० मध्ये २.४ टक्के होता, तो वीस वर्षांत ३० वर न्यायचं ठरलं. लक्ष्य पूर्ण गाठता आलं नाही, गरिबी मात्र खूप घटली. टीका झाली ती अशी की फायदा मलयांमधल्याच वरच्या थराने जास्त उचलला. कारखानदार आणि कामगार एकाच रकान्यात टाकले की काय होतं, ते तिथेही दिसलं. सरांना हे सांग, नम्रपणे सांग, आणि या पत्राच्या माथ्यावरचं मागाचं शीर्षक दाखव. मला वाटतं ते हो म्हणतील.

आता पोटापाण्याचं. नोकऱ्या आहेत, पण त्यांची दारं कुठल्या विषयाने उघडतात ते आताच समजून घे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयात कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी भरतात, स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेतून. त्यासाठी बारावीला गणितात ६० टक्के किंवा पदवीला सांख्यिकी हा विषय लागतो. तुझी बारावी कला शाखेची आहे. गणित घेतलं नसशील आणि बीएलाही सांख्यिकी नसेल तर हे दार बंद आहे, त्यात वर्षं घालवू नकोस. भारतीय सांख्यिकी सेवेचंही तसंच. भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी चालते, वय २१ ते ३०, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. ती परीक्षा यूपीएससी घेते. जागा थोड्या असतात, म्हणून तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नकोस. राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, त्याचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असतं. शिवाय सर्वेक्षण करणाऱ्या संशोधन संस्था आणि सामाजिक संस्था आहेत. तिथे सुरुवातीचा पगार बेताचा आणि काम बहुधा कंत्राटी असतं, हे घरी स्पष्ट सांग. केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये येत्या जनगणनेत जात नोंदवायचा निर्णय घेतला आहे. १९३१ नंतर पहिल्यांदाच जातनिहाय पूर्ण आकडे येतील. ते नुसते मोजून भागणार नाही, नीट वाचणारी माणसं लागतील, आणि तोवर तुझं पदव्युत्तर शिक्षण संपत आलेलं असेल.

शिकायला तीन ठिकाणं सुचवते. पुण्याची गोखले संस्था, जिथे आकडेमोडीवर भर आहे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करते. माझा कल तुझ्यासाठी इकडे आहे, कारण इथे फॉर्म भरण्यापासून तक्त्यापर्यंतचं सगळं काम शिकायला मिळतं. आणि घरापासून लांब जाणं जमणारच नसेल तर तुळजापूरचं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र, सोलापूरहून एसटीने तासाभरावर. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, ते संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहा. शिष्यवृत्तीची चौकशी अर्ज भरतानाच कर, प्रवेश मिळाल्यावर नाही.

तोपर्यंत फुकट मिळणारं शिक्षण सोडू नकोस. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर सांख्यिकीचे अभ्यासक्रम आहेत. आर नावाचं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. पीएलएफएसचा मूळ डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतो. सुट्टीत महाराष्ट्राचा एक तक्ता त्यातून स्वतः काढून बघ. पहिला तक्ता बरोबर यायला आठवडे लागतात, घाबरू नकोस.

वडिलांना हे पत्र वाचून दाखव. त्यांचं म्हणणं मला पटतं. ज्या घरात आठवड्याच्या पगारावर आठवडा चालतो, त्या घरात मुलीने दोन-तीन वर्षं आणखी शिकणं म्हणजे खरोखरच मोठा खर्च आहे. बँकेची परीक्षा दे. क्लार्कसाठी वय २० ते २८ आहे, म्हणजे पदवीनंतर एमए करत असतानाही देता येते. तिथलं अंकगणित तुला इकडेही उपयोगी पडेल. नोकरी आधी लागली तर घे, आणि एमए बाहेरून कर. आर्थिक सेवेच्या परीक्षेला त्याने अडत नाही.

घरोघर जाताना कॉलेजचं पत्र जवळ ठेव. कुणी नको म्हणालं तर "बरं मावशी" म्हणून पुढच्या दारी जा. अहवालात कुणाचं नाव, घर नंबर, कारखान्याचं नाव घालू नकोस, आणि मजुरीचा आकडा मालकासमोर विचारू नकोस. पहिली प्रश्नावली तयार झाली की मला पाठव. आधी ती आईवर करून बघ आणि ती कुठल्या प्रश्नावर अडखळली ते समासात लिहून पाठव. बारावीला गणित होतं की नाही, तेही कळव.