अर्धशिशी: गोळी वाचवू नका, दिवस मोजा

परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे डोकेदुखीची पत्रं वाढतात. गंमत म्हणजे निम्मी पत्रं विद्यार्थ्यांची नसतात, त्यांच्या आयांची असतात. या वेळी निवडलेल्या प्रश्नांना आमच्या वैद्यकीय सल्लागारांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न: माझं वय ३९. लग्नाआधीपासून महिन्यातून चार-पाच वेळा अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही. सासूबाई म्हणतात, पित्त आहे, बोटं घालून उलटी काढ. काढली की तासाभरात खरंच उतरतं. मी घरी शिवणकाम करते. एक दिवस गेला की ब्लाउज वेळेवर जात नाहीत आणि बोलणी खावी लागतात. गोळ्यांचा खर्चही नको आणि सवयही नको, म्हणून अगदी असह्य झाल्यावरच गोळी घेते. पण मग ती लागूच पडत नाही. काय चुकतंय? (एक वाचक, विटा)

उत्तर: वेळ चुकतेय. अर्धशिशीचा झटका चढू लागला की जठराचं काम मंदावतं. गोळी पोटात नुसती पडून राहते. ती जिथे शोषली जाते त्या लहान आतड्यात पोचतच नाही, आणि पुढे उलटीबरोबर बाहेर पडते. एक गोळी वाचवायला गेलात आणि दोन वाया गेल्या, वर शिलाईचा दिवसही बुडाला.

मळमळ आणि उलटी हा झटक्याचाच भाग आहे. पित्त वाढलं म्हणून डोकं दुखतं असं नाही, डोक्यात झटका सुरू झाला म्हणून पोट बिघडतं. उलटीनंतर बरं वाटतं हे खरं, कारण अनेकांत उलटी झटक्याच्या उतारावर होते आणि त्यानंतर माणूस थकून झोपतो. ओढून काढलेल्या उलटीने मात्र आम्ल दातांना लागतं, घसा सोलवटतो, अंगातलं पाणी आणि क्षार जातात. रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्लपित्ताची गोळी अनेक घरांत वर्षानुवर्षं चालू असते. अर्धशिशी तिने थांबत नाही.

आता क्रम. ठणका हलका असतानाच, पहिल्या अर्ध्या तासात, दोन बिस्किटं किंवा अर्धी पोळी खाऊन गोळी घ्या. मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल १००० मि.ग्रॅ., म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या, किंवा आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. मोठ्या माणसाला ६५० ची एकच गोळी अनेकदा अपुरी पडते आणि मग 'मला पॅरासिटामॉल चालत नाही' असा समज होतो. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर, आणि डेंगीची शंका असलेल्या तापात, आयब्युप्रोफेन नको. पोट दर वेळी बिघडत असेल तर डॉक्टरांकडून मळमळीचं औषध लिहून घ्या आणि ते वेदनाशामकाच्या पंधरा-वीस मिनिटं आधी घ्या. एवढ्यानेही भागलं नाही तर ट्रिप्टान गटाची, खास अर्धशिशीवरची औषधं आहेत, पण हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती चालत नाहीत.

सवयीची भीती अगदीच खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. मोजायच्या असतात त्या गोळ्या नव्हे, गोळी घेतलेले दिवस. साधं वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, अर्गोटामिन किंवा मिश्र गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं की गोळ्याच डोकेदुखी चालू ठेवतात. मग गोळी बंद केली की दोन ते दहा दिवस डोकं आणखी दुखतं आणि लोक घाबरून पुन्हा सुरू करतात. म्हणून घरगुती नियम असा: आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस नको. दुकानात 'डोक्याची गोळी द्या' म्हटल्यावर जी मिळते तिच्या पाकिटावर अर्गोटामिन लिहिलंय का ते वाचा. अर्गोटामिनची गोळी रक्तवाहिन्या आकसवते. गरोदरपणात, हृदयविकारात ती घ्यायची नाही, आणि ट्रिप्टानच्या चोवीस तासांच्या आत तर मुळीच नाही.

हिशोबाला वही नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिता ना, त्याच चौकटीत डोकं दुखलं तर 'डो', गोळी घेतली तर 'गो', पाळी आली तर 'पा'. तीन महिन्यांची ही पानं फाडून डॉक्टरांना दाखवा, कोणत्याही तपासणीपेक्षा ती जास्त सांगतील. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलेलं असतं आणि अनेकींचे झटके तिथेच गोळा होतात. तसं दिसलं तर त्या आठवड्यात कुणाला ब्लाउजचा वायदा करू नका, किंवा तारीख सांगताना एक दिवस जादा धरा.

महिन्याला चार-पाच झटके म्हणजे रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधाचा विचार करायची पातळी. प्रोप्रानोलॉल (दमा असेल तर नाही), अमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझिन (याने वजन आणि झोप वाढते) अशी औषधं डॉक्टर तुमची प्रकृती पाहून देतात. आठ आठवड्यांआधी 'गुण नाही' म्हणून सोडू नका. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, जनऔषधी केंद्रात तेच बऱ्याच कमी किमतीत मिळतं. आणि 'शिरा मोकळ्या होण्यासाठी' म्हणून बी-कॉम्प्लेक्स घेत असाल तर एवढं लक्षात घ्या: अर्धशिशीसाठी रायबोफ्लेविन (बी-२ जीवनसत्त्व) वापरतात ते दिवसाला ४०० मि.ग्रॅ., आणि साध्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत ते असतं १० च्या आसपास. लघवी पिवळी होण्यापलीकडे फार काही होत नाही.

प्रश्न: मुलगी यंदा दहावीला. शाळा सकाळी ७.१०ची, संध्याकाळी क्लास, रात्री बारापर्यंत अभ्यास. आठवड्याला एकदा तरी डोकं धरून बसते, आणि हमखास रविवारी. वजन ४५ किलो. तिचे बाबा म्हणतात, अभ्यास टाळायची नाटकं. शाळेला काय सांगावं? (एक आई, सातारा)

उत्तर: रविवारी दुखतं हेच नाटक नसल्याचं लक्षण. अर्धशिशी असलेल्या मेंदूला बदल सोसत नाही. आठवडाभर पावणेसहाला उठणारी मुलगी रविवारी साडेनऊला उठली की झोप, नाश्ता आणि चहा तिन्ही पावणेचार तास सरकले. शिवाय आठवडाभराचा ताण सैल पडतो तेव्हाही झटका येतो. रविवारी फार तर एक तास उशिरा उठू द्या. पुढे झोपायचं असेल तर नाश्ता करून झोपू दे.

या वयात ८ ते १० तास झोप लागते. पावणेसहाला उठायचं तर रात्री पावणेदहाला दिवा बंद. मग पावणेदहा ते बाराचा अभ्यास बसवायचा कुठे? क्लासहून आल्यावर मोबाईलवर जाणारा पाऊण तास आणि जेवणानंतरची रेंगाळ, हे दोन्ही एक आठवडा कागदावर मांडा. बहुतेक तिथूनच दीड तास निघतो. तरी नाही निघाला तर क्लासमधला एखादा विषय कमी करा, फीही वाचेल.

सकाळी साडेसहाला पोळीभाजी घशाखाली उतरत नाही, मान्य. पण उपाशी पाठवू नका. एक केळं आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे, किंवा दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व, पाच मिनिटांचं काम. मधल्या सुट्टीच्या डब्यात रोज वेफर्स-बिस्किटं नकोत, थालीपीठ किंवा दशमी-चटणी चालेल. सर्वांत दुर्लक्षित मुद्दा पाण्याचा. अनेक मुली शाळेतलं स्वच्छतागृह घाण असतं म्हणून सकाळपासून पाणी पीतच नाहीत, बाटली भरलेली घरी येते. तुम्हीच विचारा, ती लाजून आपणहून सांगणार नाही. ही तक्रार पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आयांनी एकत्र मांडायची.

शाळेला पत्र द्या, फोन नको. पत्रात चार गोष्टी: डॉक्टरांनी केलेलं निदान आणि त्यांच्या चिठ्ठीची प्रत, बाकावर पाण्याची बाटली आणि दप्तरात गोळी ठेवायची परवानगी, खिडकीच्या झोताऐवजी आतली जागा, आणि झटका आला तर वीस-तीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत पडू द्यायची विनंती. घरी पाठवू नका हेही लिहा. वेळेवर गोळी आणि अर्धा तास मिळाला तर अनेक मुलं पुढच्या तासाला परत बसतात.

४५ किलोला पॅरासिटामॉल ६५० मि.ग्रॅ. किंवा आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. पुरतं. हिशोब असा: पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५, आयब्युप्रोफेन १० मि.ग्रॅ.पर्यंत. सोळाच्या आतल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन द्यायचं नाही, त्याने यकृताला आणि मेंदूला घातक असा विकार होऊ शकतो. मळमळीच्या औषधाने झोप येते का, हे पूर्वपरीक्षेच्या आधी एखाद्या साध्या दिवशी पाहून ठेवा. बोर्डाच्या सकाळी पहिल्यांदा घ्यायचं औषध कुठलंच नको, जागरणासाठी कॉफीही नको. केंद्रावर गोळी जवळ ठेवता येईल का, हे केंद्रसंचालकांना आधीच विचारून घ्या.

बाबांना एवढं सांगा की अर्धशिशी अनेकदा घराण्यात चालत येते. त्यांच्या आईला किंवा बहिणीला 'पित्ताचा त्रास' होता का, हे एकदा विचारून पाहू द्या. मुलगी सतत उदास असेल, जगणं नको असं बोलत असेल, तर तो डोकेदुखीचा प्रश्न उरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न: डॉक्टर म्हणतात एमआरआयची गरज नाही. नातेवाईक म्हणतात, पैसे वाचवू नका, करून टाका. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: डॉक्टरांचं ऐका. झटके वर्षानुवर्षं एकाच साच्याचे, मधले दिवस स्वच्छ, आणि तपासणीत मज्जासंस्था ठीक असेल तर स्कॅनमध्ये बहुधा काही सापडत नाही. सापडलंच तर एखादा निरुपद्रवी ठिपका, आणि मग त्याच्या काळजीने वर्ष जातं. त्याऐवजी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा पाहून घ्या. मेंदूतला दाब वाढला असेल तर तिथे खूण दिसू शकते, आणि ही तपासणी स्वस्त आहे. चष्म्याचा नंबर बदलून अर्धशिशी जात नाही, हेही त्याच फेरीत विचारून घ्या.

स्कॅन, आणि तातडीचा, लागतो तो वेगळ्या परिस्थितीत: वीज कोसळावी तसं क्षणात टिपेला पोचलेलं दुखणं, तापाबरोबर मान आखडणं, एका बाजूचा अशक्तपणा किंवा वाचा जाणं, डोक्याला मार लागल्यानंतरचं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं, रोज पहाटे उलटीसह जागं करणारं दुखणं. यात नातेवाइकांची वाटही पाहू नका.

प्रश्न: नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतो. तिसऱ्या दिवशी हमखास डोकं चढतं. उपवास सोडायचा नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: सोडू नका, उपाशी राहू नका. डोकं चढतं ते लांबलेल्या पोटामुळे, कमी पाण्यामुळे आणि तुटलेल्या चहामुळे. रोज तीन-चार कप घेणाऱ्याने एकदम बंद केला की बारा ते चोवीस तासांत कॅफिनची डोकेदुखी सुरू होते. उपवासाला चहा चालत असेल तर नेहमीच्या वेळी नेहमीएवढाच घ्या. चालत नसेल तर आठवडाभर आधीपासून दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. दर तीन-चार तासांनी काहीतरी पोटात हवं: राजगिऱ्याचा लाडू, दही, भगर-आमटी, शेंगदाणे. नुसती साबुदाण्याची खिचडी पोट भरते, पण तिच्यात भर पिष्टाचीच. दाण्याचं कूट सढळ घाला आणि बाजूला दही घ्या. देवघरात बसणं कमी करता येत नसेल तर धूप तरी खिडकीजवळ ठेवा.

सणासाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेणार असाल, आणि झटक्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा येत असतील, तर डॉक्टरांना ते सांगितल्याशिवाय घेऊ नका. अशा रेघा येणाऱ्यांना इस्ट्रोजेन असलेल्या संप्रेरक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.

प्रश्न: आठ वर्षांचा मुलगा महिन्यातून एकदा पोट धरून बसतो, पांढरा पडतो, जेवत नाही. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. शिक्षिका म्हणतात, गणिताच्या दिवशीच होतं. (एक आई, पणजी)

उत्तर: गणिताचं वेळापत्रक कॅलेंडरवर मांडून पडताळा, बहुधा जुळणार नाही. बेंबीभोवती दुखणं, दोन तास ते तीन दिवस, फिकटपणा, मळमळ, आणि मधल्या काळात पूर्ण बरं, ही पोटाची अर्धशिशी असू शकते. घरात कुणाला अर्धशिशी असेल तर शक्यता वाढते. मात्र बालरोगतज्ज्ञांनी आधी इतर कारणं वगळायला हवीत. दुखणं उजवीकडे खाली सरकलं, हिरवी उलटी झाली, शौचात रक्त दिसलं किंवा वजन उतरलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न: बायकोला झटका येतो तेव्हा मी आणि मुलं नेमकं काय करावं, कळत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: 'काय देऊ' असं विचारत खोलीत फेऱ्या मारू नका. गोळी आणि पाणी द्या, पडदा ओढा, रुमालात गुंडाळलेला बर्फ मानेमागे किंवा कपाळावर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि दार लोटून घ्या. फोडणी त्या दिवशी नको, मोहरी-हिंगाचा ठसका खोलीत गेला की उलटी होते. साधी खिचडी लावा: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, साडेचार वाट्या पाणी, हळद-मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या. त्या शिट्ट्यांआधी स्वयंपाकघराचं दार बंद करा. हे प्रमाण कुकरच्या कपाटाला आतून चिकटवून ठेवा, दहावीतल्या मुलालाही जमतं.