गेस्टचा डेटा कोणाचा आणि हिरवा बॅज कितपत खरा?

वर बरीच उत्तरं आलीत पण बहुतेकांनी करार नीट वाचलेला दिसत नाही, म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. गुहागरजवळ आठ कॉटेजचं आयुर्वेद-योग सेंटर काढताय, एका कंपनीने सॉफ्टवेअर फुकट देऊ केलंय, त्यात बुकिंगपासून वैद्यांच्या फॉर्मपर्यंत सगळं, वर ब्लॉकचेन-व्हेरिफाइड (ब्लॉकचेन म्हणजे साखळीसारखी जोडलेली, मागाहून बदलता न येणारी डिजिटल नोंदवही) ग्रीन बॅज, आणि करारात एक ओळ की गेस्टचा डेटा दोघांच्या सामायिक मालकीचा. घ्यावं का?

माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअर हवं असेल तर पैसे मोजून घ्या, ती ओळ काढायला लावा, आणि बॅज राहू दे. मी गोव्यात आणि नंतर तळकोकणात अशाच सेंटरांचं ऑपरेशन्स बघत आलोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी डेटा. साध्या हॉटेलात गेस्टचं नाव, फोन, आयडी आणि कोणती रूम एवढंच असतं. आपल्याकडे पहिल्या दिवशी वैद्य तासभर बसून काय काय विचारतात आठवा: पोट साफ होतं का, पाळी नियमित आहे का, झोपेची गोळी चालू आहे का, दारू किती, डिप्रेशनची ट्रीटमेंट झालीय का, मूल होत नाहीये म्हणून आलात का. माणूस घरच्यांना सांगत नाही ते इथे सांगतो. आता हा कागद पुढे कुठे जातो बघा. मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी थेरपिस्ट त्याचा फोटो काढून स्टाफच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकते, कारण किचनला पथ्य कळायला हवं आणि उद्याची बस्ती (औषधी एनिमा) किती वाजता ते दुसऱ्या थेरपिस्टला. त्या ग्रुपमध्ये रिसेप्शन असतं, माळी असतो, एअरपोर्टला जाणारा टॅक्सीवाला असतो, आणि दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून शेजारच्या रिसॉर्टला गेलेला शेफही असतो कारण त्याला कोणी काढलेलंच नाही. तुम्ही ब्लॉकचेन घेऊन बसलाय पण घोडं इथेच पेंड खातं. किचनला फक्त "कॉटेज ४, बिनतिखट, दूध नको" एवढी चिठ्ठी पुरते, आजार कळायची गरज नाही.

आणि हे लीक झालं तर काय होतं ते फिनलंडमध्ये घडून गेलंय. वास्तामो नावाची सायकोथेरपी सेंटरांची कंपनी होती, तिच्या पेशंटांच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये चोराने कंपनीकडून पैसे मिळेनात म्हणून थेट पेशंटांना मेल केले, २०० युरोचे बिटकॉइन द्या नाहीतर तुमच्या थेरपीच्या नोंदी जाहीर करतो. हजारो लोक. कंपनी पुढच्या वर्षी दिवाळखोरीत गेली. आपल्या धंद्यात गेस्ट भरवशावर येतो, तो एकदा गेला की डिस्काउंट देऊन परत येत नाही.

आता "सामायिक मालकी". २०२३ चा आपला डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा मालक कोण यात पडतच नाही, तो विचारतो जबाबदार कोण. डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे जो ठरवतो तो डेटा फिड्युशियरी, म्हणजे तुम्ही, आणि जो तुमच्या सांगण्यावरून डेटा हाताळतो तो प्रोसेसर, म्हणजे सॉफ्टवेअरवाला. कलम ८ मध्ये स्पष्ट आहे की करारात काहीही लिहिलेलं असलं तरी प्रोसेसरने केलेल्या कामाची जबाबदारी फिड्युशियरीवरच. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे, आठ कॉटेजवाल्याला कोणी २५० कोटी लावणार नाही हे मलाही कळतं, पण नोटीस तुमच्या नावाने येणार, त्या कंपनीच्या नाही. म्हणजे सामायिक मालकीचा अर्थ असा की फायदा दोघांचा आणि निस्तरायचं तुम्ही एकट्याने. उद्या त्यांनी तोच डेटा स्वतःच्या कामासाठी, म्हणजे सप्लिमेंट विकायला नाहीतर इन्शुरन्सवाल्याला द्यायला वापरला तर ते स्वतःही फिड्युशियरी होतात, पण गेस्टला ते आधी सांगितलेलं असायला हवं, आणि सांगितलं तर किती गेस्ट हो म्हणतील?

इथे कोणीतरी लिहिलंय की चेक-इनला एक सही घेतली की सगळं कव्हर होतं. होत नाही हो. संमती ठराविक कामापुरतीच आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच डेटाची, असं कलम ६ सांगतं. कायद्यातच उदाहरण दिलंय, टेलिमेडिसिनच्या ॲपने उपचारासोबत फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्टही मागितली आणि बाईने हो म्हटलं, तरी तिची संमती उपचारापुरतीच धरायची. तसंच तुमच्याकडे अभ्यंगासाठी दिलेली माहिती दिवाळी ऑफरचा मेसेज पाठवायला चालत नाही, त्यासाठी वेगळा चौकोन ठेवा आणि आधीच टिक करून ठेवू नका. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं लागतं. नोटीस मराठीत द्यायची सोय ठेवा, राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांचा पर्याय गेस्टला द्यावा लागतो.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तुमच्या-माझ्यावरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ ला लागू होतात. म्हणून तोवर मोकळं रान असं समजू नका, २०११ चे आयटी नियम आहेतच, त्यात मेडिकल रेकॉर्ड संवेदनशील माहितीत मोडतं. शिवाय जर्मन गेस्ट पाहिजेत म्हणून वेबसाइट जर्मनमध्ये आणि रेट युरोत ठेवलेत तर युरोपचा डेटा-संरक्षण कायदा जीडीपीआर तुमच्यापर्यंत पोचू शकतो, आणि तिथे आरोग्याच्या माहितीचे नियम आपल्यापेक्षा बरेच कडक आहेत. फॉरेनर आला की त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारला कळवायची असते ते कायद्याचं बंधन, ते कराच, पण त्यासाठी पासपोर्टची झेरॉक्स रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये पाच वर्षं ठेवायला कोणी सांगितलेलं नाही. देशी गेस्टकडून मास्क्ड आधार घ्या, शेवटचे ४ आकडेच दिसतात, तुमचं काम भागतं.

करारात मालकीवरून भांडत बसण्यापेक्षा डेटा बाहेर कसा काढायचा ते बघा. आमच्या एका जुन्या सॉफ्टवेअर कंपनीने सोडताना सगळा गेस्ट हिस्टरी डेटा "दिला", म्हणजे पीडीएफ दिली, चारशे-पाचशे पानांची, आता त्यातून कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ते शोधा. म्हणून लिहून घ्या: एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये, मागितल्यापासून इतक्या दिवसांत, जादा पैसे न घेता, आणि मग त्यांच्याकडची कॉपी खोडल्याचं पत्र. आणि सही करायच्या आधी डेमोमध्येच दहा खोट्या गेस्टची नावं भरून एक्सपोर्ट मारून बघा. सेल्सवाला गडबडला की काय ते समजून जा. ओटीएवरून, म्हणजे ऑनलाइन बुकिंग साइटवरून, आलेल्या गेस्टचं तर विचारूच नका, बुकिंग डॉट कॉम तुम्हाला गेस्टचा खरा ईमेलही देत नाही, मधला पत्ता देतं, त्यामुळे पुढच्या वर्षीही तो तुमच्याकडे त्यांच्यामार्फतच येणार आणि कमिशन परत कापलं जाणार. त्यावर उपाय एकच, गेस्ट समोर असताना त्याला सरळ विचारून त्याच्या मर्जीने नंबर घ्यायचा.

आता बॅज. ब्लॉकचेनने एवढंच सिद्ध होतं की एकदा लिहिलेली नोंद नंतर कोणी बदलली नाही. ती मुळात खरी होती का, ते नाही. पाण्याचं रीडिंग माळ्याने अंदाजे लिहिलं असेल तर ती थाप आता कायमची जतन झाली, एवढंच. आणि त्याच साखळीत गेस्टची माहिती टाकत असतील तर गेस्टने खोडायला सांगितल्यावर खोडणार कशी, हाही प्रश्न आहेच.

या बाबतीत मोठ्यांचंही हसं झालंय. बुकिंग डॉट कॉमने २०२१ मध्ये ट्रॅव्हल सस्टेनेबल नावाचे बॅज आणले, हॉटेलवाल्याने स्वतः भरलेल्या माहितीवर मिळायचे. नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणाने यातून लोकांची दिशाभूल होऊ शकते म्हटल्यावर २०२४ मध्ये काढून टाकले, आता बाहेरच्या संस्थेचं सर्टिफिकेट असेल तरच दाखवतात. युरोपचा नवा नियम २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतोय, त्यात सर्टिफिकेशनचा आधार नसलेली लेबलं बंद. आणि आपल्याकडे काही नाही असं वाटत असेल तर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगवर मार्गदर्शक सूचना काढल्यात, नुसतं "इको-फ्रेंडली" किंवा "ग्रीन" लिहिलंत तर पुरावा तुम्हाला द्यावा लागेल. बॅज विकणारा नामानिराळा.

अजून एक गंमत, त्यांच्या ब्रोशरवर "जीएसटीसी सर्टिफाइड" लिहिलंय असं तुम्ही म्हणता. जीएसटीसी म्हणजे ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल स्वतः कुठल्याच हॉटेलला सर्टिफिकेट देत नाही, निकष ठरवते आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. नुसतं एखादं स्टँडर्ड रेकग्नाइज्ड असणं वेगळं आणि तपासणारी संस्था ॲक्रेडिटेड असणं वेगळं. विचारायचं की ऑडिटला माणूस प्रत्यक्ष येतो का, कोणत्या संस्थेचा, सर्टिफिकेटवर आमच्याच जागेचा पत्ता आणि मुदत असते का. एवढ्यावर बहुतेकांचे फोन बंद होतात.

तुम्ही सुरुवात सरकारी स्वच्छता ग्रीन लीफ रेटिंगने करा. मैला, सांडपाणी आणि कचरा यांचं काय करता हे बघतात, जिल्ह्याची समिती येऊन तपासते, १, ३ किंवा ५ पानं मिळतात. दिसायला भारी नाही पण आपल्या धंद्याचं खरं दुखणं तिथेच आहे, कारण पंचकर्मात तेल जातं मोरीत. शिरोधारा, अभ्यंग, मग गरम पाण्याची अंघोळ, की ते तेल थेट शोषखड्ड्यात, मातीवर थर बसतो, वर्ष-दोन वर्षांत पाणी जिरायचं बंद आणि मग मागच्या वाडीवाल्याच्या विहिरीला वास येतो म्हणून भांडण. केरळमधली जुनी सेंटर्स अंघोळीआधी मुगाच्या पिठाने अंग चोळून तेल उतरवतात, तेही करा, शिवाय आउटलेटला ऑइल ट्रॅप बसवा आणि तो दर आठवड्याला कोण साफ करणार त्याचं नाव भिंतीवर लिहा. ऑडिटरला सोलर पॅनल दाखवण्याआधी हा ट्रॅप उघडून दाखवता आला पाहिजे.

पाण्याला मीटर लावा, विहिरीला वेगळा, बोअरला वेगळा, आणि टँकरच्या चिठ्ठ्या फाइलला. टँकर कोणी मोजत नाही, आणि मे महिन्यात सगळं पाणी टँकरचंच असतं. मग महिन्याचे लिटर भागिले गेस्ट-नाइट्स (एक गेस्ट एक रात्र राहिला की एक). समजा २४,००० लिटर आणि ६० गेस्ट-नाइट्स, तर माणशी रात्रीला ४०० लिटर. पावसाळ्यात गेस्ट कमी, टॉवेल-चादरी तरी धुवायच्याच, त्यामुळे आकडा वर जाईल, घाबरून खोटं लिहू नका, ऑडिटरला ते कळतं, उलट बारा महिने एकसारखा आकडा दिसला की त्याला शंका येते. विजेला महावितरणची बिलं पुरतात, ग्रिडच्या एका युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, जनरेटरचं डिझेल आणि १९ किलोचे गॅस सिलिंडर वेगळे मोजा.

औषधांचंही बघा, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्रिफळ्यातला हिरडा-बेहडा आला कुठून? भीमाशंकरच्या बाजूला स्थानिक गोळा करणाऱ्यांकडून फेअरवाइल्ड सर्टिफाइड (रानातला माल झाडांना धक्का न लावता गोळा केल्याचं सर्टिफिकेट) हिरडा-बेहडा येतो, पुण्याच्या एईआरएफ या निसर्ग संवर्धन संस्थेने त्यावर काम केलंय, आणि बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो म्हणून ती झाडं तोडायची नाहीत हे त्यात आलं. तुमच्या औषध सप्लायरला हे विचारून बघा.

आणि ऑडिटच्या वेळी एक सांभाळा. ऑक्युपन्सीचा पुरावा मागितला की मॅनेजर सरळ गेस्ट रजिस्टर पुढे करतो, नाव-फोन-आजारासकट, मी डोळ्यांनी बघितलंय. ऑडिटरला आकडा हवा असतो, माणूस नाही. तारीख आणि किती जण होते एवढाच कागद काढून द्या, पडताळणी हवीच म्हणाला तर दोन-चार दिवसांच्या नोंदी नावं झाकून समोर बसून दाखवा, फोटो काढू देऊ नका.

खर्चाचं विचारलंत, तर मीटर, ऑइल ट्रॅप आणि साधं सॉफ्टवेअर यावर आधी खर्च करा, मोठ्या इंटरनॅशनल सर्टिफिकेटच्या मागे निदान वर्षभराचे आकडे हातात आल्याशिवाय लागू नका, कारण ते बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठी सुरुवातीचे आकडे, मागतातच. करारातलं ते पान नावं झाकून इथे टाकलंत तर बाकीची कलमंही बघून सांगतो.