वाचकांचे प्रश्न : डिटेलर पातळ करायला पाणी कोणतं?

प्रश्न : वाघोलीत राहतो. सोसायटीत बोअर आणि टँकरचं पाणी येतं. काळ्या गाडीवर क्विक डिटेलर (चमक आणायला फवारून पुसायचा द्रव) १:४, म्हणजे एक भाग माल आणि चार भाग पाणी, करून मारतो. पुसल्यावर चमक येते, पण उन्हात पांढुरका थर दिसतो. बाटलीलाही महिन्याभरात वास येतो. माल नकली असेल का?

उत्तर : आधी पाणी तपासा. स्टीलच्या ताटलीवर नळाच्या पाण्याचे चार थेंब टाका आणि सुकू द्या. पांढरी कडी उमटली, तर तेच क्षार गाडीवर राहताहेत. बोअरचं पाणी कातळाच्या भेगांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. टीडीएस (लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ८०० असेल, तर अर्धा लिटर पाण्यात ०.४ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

म्हणून जे पुसल्यावर गाडीवरच राहतं (क्विक डिटेलर, काचेचा क्लीनर) त्यात डीएम (क्षार काढलेलं) किंवा डिस्टिल्ड पाणीच घाला. बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो, पण लेबल नीट वाचा. तिथे ॲसिडचेही कॅन असतात. बादलीतला शाम्पू धुऊन जातो, त्याला नळाचं पाणी चालतं. जड पाण्यात फेस कमी येईल इतकंच. शेवटचं पाणी मात्र गाडीवर सुकू न देता लगेच टिपून घ्या.

रिन्सलेस वॉश (पाण्यात मिसळून गाडी पुसायचा द्रव) फसवा असतो. १:२५६ म्हणजे १० लिटरला साधारण ४० मिली, आणि वरून पाणी मारायचं नसतं. तिथे घरच्या आरओचं पाणी वापरा; आरओचं वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार आणखी दाट असतात.

वासाचं कारण वेगळं. पातळ करताना मालातलं प्रिझर्वेटिव्हही पातळ होतं आणि टाकीच्या पाण्यातले जंतू वाढतात. ४०० मिली डीएम पाणी आधी, १०० मिली डिटेलर नंतर. उलट केलं तर फेस तोंडाशी येतो. दोन-तीन आठवड्यांपुरतंच बनवा, बाटलीवर तारीख लिहा. नव्याने भरण्याआधी ट्रिगरची नळीही डीएम पाण्याने धुवा, जुना वास तिथेच दडलेला असतो.

प्रश्न : सॉफ्टनरचं किंवा उकळलेलं पाणी चालेल?

उत्तर : नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम सोडतो, टीडीएस तेवढाच राहतो. डाग पडतातच, फक्त सहज निघतात. उकळल्याने थोडे क्षार भांड्याच्या तळाशी बसतात, बाकीचे पाण्यातच उरतात.