दिलेली अक्षरे असलेले इंग्रजी शब्द कसे शोधावेत?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते. शनिवारी मी फळ्यावर तीन अक्षरे लिहिते आणि ती तिन्ही ज्यांत येतात असे शब्द मुलांना विचारते. अक्षरांचा क्रम कोणताही चालतो, मध्ये इतर अक्षरे आली तरी चालतात. गेल्या खेपेला बी, एल आणि एम दिले, तेव्हा ‘प्रॉब्लेम’ आणि ‘ब्लूम’ यांच्यापुढे वर्ग सरकला नाही. गावात मोबाइलला रेंज धड नसते, त्यामुळे ॲपचा आधार घेता येत नाही. मुलांना स्वतःहून शोधता येईल अशी काही पद्धत आहे का?
— एक शिक्षिका, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : पद्धत आहे आणि तिला ॲप लागत नाही, पण आधी मुले नेमकी कुठे अडतात ते पाहायला हवे. आपल्या मुलांचा कान देवनागरीवर घडलेला असतो. ‘कमळ’ हा शब्द ऐकला की क, म, ळ ही अक्षरे आपोआप डोळ्यांपुढे येतात, कारण मराठीत बहुतेक ठिकाणी उच्चार आणि लेखन हातात हात घालून चालतात. त्याच सवयीने मूल इंग्रजी अक्षरही आवाजात शोधू लागते आणि तिथेच फसते. आपण दिलेल्या अक्षरांचेच पाहा. कोकरू या अर्थाचा ‘लॅम’, अवयव या अर्थाचा ‘लिम’ आणि चढणे या अर्थाचा ‘क्लाइम’ या तिन्ही शब्दांच्या शेवटी बी लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. त्यामुळे कानाने शोधणाऱ्या मुलाच्या हाती हे शब्द लागणे कठीणच. याच्या उलट, एफ असलेले शब्द विचारले तर मुले ‘फोटो’, ‘फोन’, ‘एलिफंट’ हमखास सांगतात, आणि या तिन्हींत एफ नसून पी आणि एच असतात. आपला एक ‘क’ इंग्रजीत कधी सी, कधी के, तर कधी क्यू होतो. ‘व’ ऐकून व्ही की डब्ल्यू हे कळत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, या खेळात शब्द बोलून दाखवण्याऐवजी लिहून दाखवावा आणि दिलेल्या प्रत्येक अक्षराखाली रेघ मारावी. गावात छापील इंग्रजी आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ असते. युरियाचे पोते कोणत्याही शेतकऱ्याच्या घरी सापडते. मुलांना आधी तो शब्द ऐकून लिहायला सांगा; बहुतेक जण वायने सुरुवात करतील. मग पोत्यावरचा शब्द दाखवा : यू, आर, ई, ए. अक्षरे चारच, त्यांतले तीन स्वर, आणि वाय कुठेच नाही. बियाण्याच्या पाकिटावरचा ‘हायब्रिड’, जिनिंगच्या फाटकावरची पाटी, एसटीवरची अक्षरे हे सारे या कामी येते. फवारणीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या मात्र मुलांना कधीही आणायला सांगू नयेत. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपणांस ठाऊकच आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मुलांना इंग्रजी शब्द येत नाहीत, असे आपण फार लवकर धरून चालतो. बी, एल आणि एम ही तिन्ही अक्षरे असलेले ‘मोबाइल’, ‘अँब्युलन्स’, ‘अल्बम’, ‘अंब्रेला’, ‘टाइमटेबल’, ‘मार्बल’ हे शब्द मुलांच्या रोजच्या मराठी बोलण्यात आहेत. ते इंग्रजी आहेत आणि त्यांना स्पेलिंग आहे, एवढेच मुलांना सुचत नाही. तेव्हा आधी घरात, दवाखान्यात, शाळेत आणि बाजारात ऐकलेले इंग्रजी शब्द वहीत स्पेलिंगसह उतरवून घ्यावेत आणि दिलेल्या अक्षरांचा शोध त्या वहीतून सुरू करावा.

वही संपली की अक्षरांच्या जोड्या लावाव्यात. इंग्रजीत काही अक्षरे शेजारी शेजारी बसतात, काही सहसा बसत नाहीत. बी आणि एल यांच्यापुढे ई ठेवला की शब्दाचा एक नेहमीचा शेवट मिळतो. आता त्याच्या आधी एम कुठे बसेल एवढेच पाहायचे, म्हणजे ‘हंबल’, ‘टंबल’, ‘मेमोरेबल’, ‘इम्पॉसिबल’ असे शब्द निघतात. एम आणि बी यांची जोडी धरली तर ‘सिम्बॉल’ आणि ‘असेंब्ली’ मिळतात.

दिलेल्या अक्षरांत एखादे दुर्मीळ असेल तर शोध नेहमी तिथूनच सुरू करावा. इंग्रजीत ई सर्वांत जास्त येतो; मोर्सच्या सांकेतिक लिपीत त्याला फक्त एक टिंब दिले आहे ते त्यामुळेच. स्क्रॅबल या खेळाच्या १०० सोंगट्यांमध्ये ई १२ आहेत, क्यू आणि झेड प्रत्येकी एकच. समजा क्यू, ई आणि टी दिले. ई असलेले शब्द आठवत बसलात तर दिवस मावळेल. क्यूपासून निघालात तर त्याच्यामागे यू जवळपास ठरलेलाच, आणि ‘क्वाएट’, ‘क्वेश्चन’, ‘रिक्वेस्ट’ लगेच समोर येतात.

प्रश्न : शाळेच्या संगणकावर इंग्रजी शब्दांची मोठी यादी आहे, पण इंटरनेट नाही. त्या यादीतून दिलेली अक्षरे असलेले शब्द निवडता येतील का? आणि फक्त तेवढीच अक्षरे वापरून होणारे शब्द कसे शोधावेत?
— एक विद्यार्थी, मूल तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : येतील. यादी एक्सेलमध्ये एका रकान्यात घ्या आणि फिल्टरमध्ये सर्वांत दुर्मीळ अक्षर टाका. उरलेले शब्द नव्या रकान्यात उतरवून त्यांना दुसऱ्या अक्षराचा फिल्टर लावा, मग तिसऱ्याचा. एकच अक्षर दोनदा हवे असेल, उदाहरणार्थ दोन ई, तर नुसता ई टाकून चालणार नाही, कारण एक ई असलेला शब्दही त्यातून पार होतो. तेव्हा ई, ताऱ्याची खूण आणि पुन्हा ई असे लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचे काम कागदी चिठ्ठ्यांवरही होते. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्द लिहा, मागे त्याचीच अक्षरे वर्णक्रमाने लावून लिहा आणि चिठ्ठ्या मागच्या बाजूप्रमाणे लावून ठेवा. ऐकणे या अर्थाचा ‘लिसन’ आणि शांत या अर्थाचा ‘सायलेंट’ यांच्या मागे ई, आय, एल, एन, एस, टी हीच सहा अक्षरे त्याच क्रमाने येतात, म्हणून त्या चिठ्ठ्या आपोआप शेजारी बसतात; ‘एनलिस्ट’ही तिथेच येतो. ‘लिसन’मध्ये टी आहे, तोही ऐकू येत नाही. संगणकावरच्या मोठ्या याद्यांत वापरातून गेलेले शब्द आणि विशेषनामेही असतात, त्यामुळे अनोळखी शब्द शब्दकोशात पाहून मगच वहीत घ्यावा.