जुन्या सागवानी आरामखुर्चीचे पॉलिश घरच्या घरी नव्याने करता येईल का?

आजोबांच्या वेळची सागवानी आरामखुर्ची काळवंडली आहे, तिच्या हातांवर कपबशीची पांढरी वर्तुळे उमटली आहेत, तेव्हा सँडिंगचे यंत्र भाड्याने आणून ती पूर्ण खरवडावी आणि वर बाजारातील चकचकीत पॉलिश मारावे का, असे आपण विचारले आहे. घरी हे काम निश्चित करता येते. मात्र यंत्र आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी अशीच एक खुर्ची, एक शिसवी पेटी आणि वडिलोपार्जित उतरते डेस्क स्वतः पॉलिश केले आहे, आणि त्यांतील डेस्क यंत्रापायीच बिघडवले आहे. ८० नंबरचा भरड पॉलिश पेपर लावून मी त्याची फळी तासाभरात पांढरीफटक केली व स्वतःवर खूशही झालो. परंतु पॉलिशचा पहिला हात बसताच कागदाचे गोल गोल ओरखडे फळीभर उठून दिसले आणि मूळच्या रेखीव कडा गोलावल्या गेल्याचेही तेव्हाच लक्षात आले.

म्हणून पहिले काम खरवडण्याचे नसून, लाकडावर आज काय आहे ते ओळखण्याचे आहे. खुर्ची उलटी करून आतल्या, न दिसणाऱ्या भागावर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस मिनिटभर टेकवून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला आणि कापसाला तपकिरी रंग लागला, तर ते जुने लाखेचे, म्हणजे स्पिरिट पॉलिश आहे. स्पिरिटने काही होत नसेल, पण थिनरने पृष्ठभाग विरघळत असेल, तर तो लॅकर असतो. दोन्हींना दाद न देणारा थर बहुधा व्हार्निशचा किंवा मेलामाईन, पीयू (पॉलीयुरेथेन) अशा कृत्रिम पॉलिशचा असतो. आपल्या खुर्चीवरील पांढरी वर्तुळे पाहता मला लाखेचीच शक्यता जास्त वाटते, कारण गरम कपाखालची वाफ लाखेच्या थरात अडकली की नेमका असाच डाग पडतो.

तसे असेल तर निम्मे काम वाचले. हातांवरचा आणि डोके टेकण्याच्या जागेचा काळेपणा हा बहुतांशी घामाचा, खोबरेल तेलाचा आणि धुळीचा थर असतो. कोमट पाण्यात थोडा साबण घालून, घट्ट पिळलेल्या फडक्याने तो पुसावा, खुर्ची दोन दिवस वाळू द्यावी आणि मग टर्पेंटाइनने एकदा पुसून जुने मेण काढावे. माझ्या खुर्चीचा खरा रंग या पायरीवरच दिसला. तोपर्यंत मी तिला शिसवी समजत होतो. त्यानंतर जेमतेम ओलसर अशा स्पिरिटच्या बोळ्याने वर्तुळावरून हलकेच, न थांबता हात फिरवला की अडकलेला ओलावा निघून डाग बहुधा विरतो. खिळ्यांभोवतीचे काळे डाग मात्र असे जात नाहीत. ते लोखंड आणि लाकडातील टॅनिन हे तुरट द्रव्य यांच्या संयोगाने झालेले असतात. त्यांना ऑक्झॅलिक आम्ल लागते, आणि ते विषारी असल्याने मुलाबाळांच्या घरात मी ते डाग तसेच राहू देईन.

खुर्ची डुगडुगत असल्यास खिळा ठोकू नका. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात व सरस गरम पाण्याने मऊ होतो, त्यामुळे सांधा सोडवून, साफ करून पुन्हा चिकटवता येतो. वेत बदलायचा असेल तर तो पॉलिश झाल्यावरच विणून घ्यावा. खुर्चीला मागे कुणी तैलरंग दिलेला असेल, तर तो कोरडा घासू नये: भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, आणि त्यापूर्वीच्या रंगाची धूळ घरात उडवण्यात शहाणपण नाही.

जेथे थर पोपडे धरून सुटला आहे, तेवढाच भाग स्पिरिट आणि भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने काढावा. पुढे २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, हातानेच आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने. भेगा भरण्यासाठी खडूची पूड वापरतात. तीत गेरू किंवा पिवडी मिसळून तिचा रंग सागाशी जुळवून घ्यावा, नाहीतर पॉलिशखालून पांढऱ्या रेघा कायमच्या डोकावत राहतात.

लाखेचे पॉलिश घरी करणे मुळीच कठीण नाही. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडी लाख घालून बरणी रात्रभर ठेवावी, अधूनमधून हलवावी आणि मलमलीतून गाळून घ्यावी. बरणी काचेचीच हवी, कारण लोखंडी डब्यात लाख काळी पडते. (पळस, बोर आणि कुसुंब या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख, औषधाच्या गोळ्यांवरही तिचा मुलामा असतो.) जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस बांधून बोळा करावा, तो आतून भिजवावा व पिळावा, आणि विमान उतरून पुन्हा उडावे तसा लाकडावर आणून पलीकडे न्यावा. बोळा मध्येच थांबला की तेथे चिकटतो व खालचा थर उचलतो. तो ओढल्यासारखा वाटू लागला तर त्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब पुरतो. पातळ आठ-दहा हात द्यावेत, दर दोन-तीन हातांनंतर काही तास थांबावे, आणि जवळपास शेगडी काय, देवघरातील निरांजनसुद्धा नको. तेल लागलेली फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून मोकळी पसरून वाळवावीत.

हे काम पावसाळ्यात करू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतील पाणी त्यावर जमते आणि पॉलिशवर दुधाळ झाक येते. दसरा उलटल्यावर कोरड्या दुपारी काम काढावे.

बाजारातील मेलामाईन किंवा पीयू जास्त टणक असते, हे खरे, आणि जेवणाच्या टेबलाला मी तेच देईन. परंतु त्यावर ओरखडा पडला तर डागडुजी सहसा बेमालूम होत नाही आणि पुष्कळदा संपूर्ण थर उतरवावा लागतो. लाखेवर मात्र दहा वर्षांनीही नवा हात जुन्यात मिसळून जातो. उरलेल्या पॉलिशच्या बरणीवर तारीख लिहून ठेवावी. सहा महिन्यांनी ते पुन्हा वापरायचे झाल्यास आधी काचेवर एक थेंब टाकावा आणि तासाभराने नखाने दाबून पाहावा. चिकट लागला तर ते खुर्चीवरही वाळणार नाही, तेव्हा नवे करावे.