टोकियोत फेब्रुवारी आला की शिंका आणि डोळ्यांना खाज सुरू होते. ही सर्दीच का? उपाय काय?

तुम्ही लिहिलंय की टोकियोतलं हे तिसरं वर्ष, ताप नाही, पण सकाळी उठल्यापासून शिंकांची माळ, नाकातून पाण्याची धार आणि चोळून चोळून लाल झालेले डोळे. आईच्या सांगण्यावरून हळदीचं दूध चालू आहे. ते प्या खुशाल, पण याने हे जायचं नाही. ही सर्दी नव्हे, 'काफुन्शो', म्हणजे परागकणांची ॲलर्जी. सर्दीत अंग मोडून येतं, तीन-चार दिवसांत शेंबूड घट्ट होतो. यात आठवडेच्या आठवडे पाणी गळतं आणि डोळे खाजतात.

माझंही असंच झालं. पहिली दोन वर्षं मी ऑफिसातल्यांच्या मास्कना हसायचे, तिसऱ्या मार्चला माझाच नंबर लागला. आधी काही मोसम पराग अंगावर घेतले की मग कधीतरी शरीर त्यांच्यावर उलटतं.

हा उद्योग 'सुगी'च्या, म्हणजे जपानी देवदाराच्या झाडांचा. दुसऱ्या महायुद्धानंतर बोडक्या डोंगरांवर सुगी आणि हिनोकी (जपानी सायप्रस) बेसुमार लावली. पुढे बाहेरून स्वस्त लाकूड यायला लागलं, मग इथलं कोण तोडणार? सुगीचे पराग साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून उडतात, मार्चअखेरीस हिनोकी येते आणि मेच्या सुरुवातीपर्यंत पुरते. आदल्या दिवशी पाऊस पडून दुसऱ्या दिवशी ऊन-वारा असला, तर तो दिवस सगळ्यात वाईट.

घरून आणलेली सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी मी सकाळी घेऊन निघायचे. एकदा संध्याकाळी मेट्रोच्या तोझाई लाइनवर अशी झोप लागली की माझं स्टेशन निशी-कासाई मागे पडलं आणि जाग आली ती थेट निशी-फुनाबाशीला, शेवटच्या स्टेशनवर. आता फेक्सोफेनाडिन घेते, त्याने गुंगी फारशी येत नाही. मात्र ती पाण्याबरोबरच घ्या, फळांच्या रसाबरोबर नीट लागू पडत नाही. भारतातून सर्दीच्या गोळ्या मागवताना घटक वाचा. स्यूडोएफेड्रिन हा चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये आणायला बंदी आहे.

नाक चोंदण्यावर मला खरा गुण आला तो स्टेरॉइडच्या नाकातल्या फवाऱ्याने. तो रोज मारावा लागतो, गुण यायला काही दिवस जातात. बहुतेक जण दोन दिवसांत सोडून देतात आणि 'उपयोग नाही' म्हणतात. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, नळी बाहेरच्या बाजूला, मधल्या पडद्यावर नाही. झटक्यात नाक मोकळं करणारे थेंब वेगळे. ते आठवडाभर सलग घातले तर नाक उलट जास्त चोंदतं.

जलनेतीचं भांडं असेल तर काढा. उकळून गार केलेलं पाणी, लिटरला ९ ग्रॅम मीठ. नळाचं पाणी तसंच नको. कपडे बाल्कनीत वाळत घालू नका, ही सवय सोडायला मला सगळ्यात जड गेलं. घरी आल्यावर कोट दाराबाहेर झटका आणि केस धुवा.

पुढच्या वर्षी मात्र त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. जानेवारीअखेरीस 'जिबिका'त, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन औषध आधीच सुरू करा. मुळावर घाव घालायचा तर जिभेखाली ठेवायची सुगीची गोळी आहे, विम्यात बसते. पण ती मोसमात सुरू करत नाहीत, जूननंतर विचारा. पहिला डोस डॉक्टरांसमोर, मग रोज घरी, निदान तीन वर्षं. माझं दुसरं वर्ष चालू आहे. यंदा मार्चमध्ये टिश्यूचा डबा खांद्याला न लटकवता फिरले, एवढंच सांगते. दमा असेल किंवा छातीत घरघर होत असेल, तर आधी ते डॉक्टरांना सांगा, तेव्हा ही गोळी चालेलच असं नाही.

आणि हो, टोमॅटोच्या कोशिंबिरीने ओठ-जीभ चुरचुरते का बघा. सुगीवाल्यांपैकी काहींना कच्चा टोमॅटो बाधतो. मी आता तो आमटीतच घालते.