पणजोबांचा पितळी बिल्ला

प्रश्न : ‘लोंढ्याची रेल्वे लाईन तुझ्या पणजोबांनी घातली’ असे आमच्या घरात सांगतात. त्यांचा पितळी बिल्ला आमच्याकडे असून त्यावर क्रमांक आणि ‘एम. अँड एस. एम.’ अशी इंग्रजी अक्षरे आहेत. त्यांची नोंद कोठे मिळेल? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : बिल्ला आणि घरची कथा यांचा मेळ बसत नाही, आणि शोध तेथूनच सुरू करावा. बेळगाव-लोंढा हा मीटरगेज मार्ग सदर्न मराठा रेल्वेने १८८०च्या दशकात घातला. ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ (बिल्ल्यावरचे एम. अँड एस. एम.) हे नाव मात्र ती कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी एकत्र झाल्यावर आले. बिल्ला त्यानंतरचा असल्याने लाईन घालणारे बहुधा पणजोबांचे वडील किंवा चुलते असावेत, आणि सांगता सांगता दोन पिढ्या एक झाल्या असाव्यात. असे पुष्कळ घरांत घडते.

याने शोधाची दिशाच बदलते. मातीकाम करणारे मजूर ठेकेदाराच्या मुकादमाच्या हाताखाली राबत, त्यामुळे कंपनीच्या दप्तरात त्यांची नावे सापडण्याची आशा फार थोडी. लंडनला असलेल्या रेल्वेच्या नोकर-नोंदीही मुख्यतः युरोपियनांच्या आहेत. त्यांवर पैसे घालवू नयेत. पणजोबा गँगमन (रुळांची देखभाल करणारे) किंवा पॉईंटमन (रुळांचे सांधे बदलणारे) म्हणून कायम नोकरीत असतील, तर बिल्ल्याचा क्रमांक, त्यांचे व वडिलांचे नाव आणि स्टेशन कळवून नैर्ऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज करावा. जुनी सेवापुस्तके मुदतीनंतर नष्ट करतात, हे मात्र ध्यानात असू द्यावे.

त्याहून भरवशाची जागा म्हणजे आजोबांच्या मराठी शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात जन्मगाव आणि आधीची शाळा लिहिलेली असते, आणि वडिलांची बदली झालेल्या मुलाची शाळाही बदललेली दिसते. तहसील कचेरीतील जुनी जन्म-मृत्यू नोंद मोडी लिपीत असल्यास ती वाचणारा जाणकार गाठावा, आणि आडनावावर न विसंबता बापाच्या नावाने शोधावे, कारण इंग्रजी कारकुनाच्या हातून एकाच घराचे पवार, पोवार आणि पॉवर होत.

शेवटी हेळवी. कुळांच्या वह्या बाळगणारे हेळवी आपल्या भागात अजून दारी येतात, आणि कोणती शाखा कोणत्या गावाहून उठून कोठे गेली हे त्यांच्याकडे पिढीवार असते. यंदा ते आले की धान्य घालून लगेच वाटेला लावू नका. पणजोबांच्या वडिलांना भाऊ किती होते आणि त्यांतले लोंढ्याकडे कोण गेले, एवढे वाचून घ्या.